झांबियाची सफारी नाशकातून प्लॅन केली, त्याचा जरा लांबलचक रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो जेवणाचा निरोप आणि टॅक्सचा हिशोब यासाठी, ते खाली येईलच. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगते की आफ्रिकेत केनियाचं मसाई मारा सोडून दुसरीकडे कुठेतरी जायचं डोक्यात असेल आणि खिसा तेवढा तयार असेल तर कॉलेज रोडला आमच्या सफारी प्लॅनरचं ऑफिस आहे, तिथे एकदा जाऊन बसा. हा माणूस पॅकेज विकण्यापेक्षा "हे नको, ते पण नको" म्हणण्यात जास्त वेळ घालवतो, आणि माझ्या मते आपण फी देतो ती त्याचीच.

आमची मंडळी म्हणजे मी आणि नवरा, मोठे दीर आणि जाऊबाई, नवऱ्याचे पिंपळगाव बसवंतचे द्राक्षवाले मित्र आणि वहिनी, शिवाय माझ्या पक्षी बघणाऱ्या मैत्रिणी, ज्यांचा अख्खा हिवाळा नांदूर मधमेश्वरच्या मनोऱ्यावर जातो. ताडोबा सगळ्यांचं झालेलं. आणि ताडोब्यात काय होतं ते ज्याने केलंय त्याला माहितीये, एक वाघीण रस्त्यावर आली की पंधरा जिप्स्या, मागून ओरडाआरडा, आणि आपल्या फोटोत पुढच्या माणसाची टोपी. माऱ्यातही जुलै ते ऑक्टोबर, मायग्रेशनच्या (प्राण्यांच्या स्थलांतराच्या) वेळी, नदीच्या काठावर गाड्यांची अशीच रांग लागते असं गेलेल्यांकडून ऐकलं होतं. म्हणून सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, प्राणी थोडे कमी दिसले तरी चालतील पण गाड्या कमी पाहिजेत.

पहिल्या भेटीत मला वाटलं होतं ब्रोशर पुढे येतील, तसलं काही नाही. बाकी सगळे प्रश्नच. पहाटे पाचला कोण उठणार नाही? गुडघे कोणाचे दुखतात? रात्री तंबूबाहेर हत्ती उभा राहिला तर कोणाला झोप लागणार नाही, खरं सांगा. वेफर्सचा पुडा न फोडता तासभर गप्प बसणारे किती? दीर जरा वैतागले, म्हणाले हा काय मुलगी दाखवायचा कार्यक्रम चाललाय का, पण नंतर लक्षात आलं की त्याने त्यातूनच अर्ध्या जागा कापल्या होत्या.

आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट बोलला जी कुठलाच एजंट बोलत नाही. म्हणाला, ताई, कमी माहितीची जागा म्हणजे स्वस्त जागा असं अजिबात नाही, उलटं आहे. जिथे कमी लोक जातात तिथे विमानं कमी, कॅम्प छोटे, सहा-आठ तंबूंचे, डिझेलपासून टोमॅटोपर्यंत सगळं लांबून आणायचं, आणि पावसात चार-पाच महिने कॅम्प बंद, म्हणजे वर्षाचा खर्च उरलेल्या महिन्यांतच काढायचा. मग टांझानियातल्या कटावीचं उदाहरण दिलं, हजारो पाणघोडे, पर्यटक जवळजवळ नाहीत, पण आठवड्यातून मोजकीच छोटी विमानं जातात, ते विमान चुकलं किंवा वार जुळला नाही की बजेट गेलंच. चाडमधलं झाकुमा सांगितलं, ते मला आधी माहितीही नव्हतं. तिथे २००२ मध्ये चार हजारांच्या वर हत्ती होते आणि २०१० पर्यंत शिकाऱ्यांनी साडेचारशेच्या आसपास आणून ठेवले, मग आफ्रिकन पार्क्स नावाच्या संस्थेने कारभार हातात घेतला आणि आता परत पिल्लं होतायत. ऐकूनच जावंसं वाटलं, पण पहिल्या सफारीला चाड नको असं तोच म्हणाला. झांबियातलं लिउवा प्लेन वाइल्डबीस्टच्या (मोठ्या आफ्रिकी हरणांच्या) कळपांसाठी भारी, पण ते कळप पहिल्या पावसाबरोबर, नोव्हेंबरच्या सुमाराला जमतात. कसांकात तर ऑक्टोबर ते डिसेंबर लाखोंच्या संख्येने वटवाघळं उतरतात, ती बघायची माझी फार इच्छा होती पण जाऊबाईंनी वटवाघूळ हा शब्द ऐकूनच हात जोडले.

शेवटी दोन उरले, टांझानियाचं रुआहा आणि झांबियाचं साऊथ लुआंग्वा. रुआहा वीस हजार चौरस किलोमीटरच्या वर, गोरखचिंचेच्या झाडांचं आणि सिंहांचं. लुआंग्वा नऊ हजारांच्या आसपास. आम्ही लुआंग्वा घेतलं ते एकाच कारणासाठी, तिथे पायी सफारी आहे आणि ती नुसती नावाला नाही. ही कल्पनाच तिथली. नॉर्मन कार म्हणून एक गेम रेंजर होता, त्याने १९५० मध्ये, देश अजून उत्तर ऱ्होडेशिया होता तेव्हा, तिथल्या न्सेफू नावाच्या मोठ्या चीफला पटवलं की प्राणी मारण्याऐवजी लोकांना दाखवू आणि येणारा पैसा तुमच्या लोकांना मिळेल. त्या काळात आफ्रिकेत सफारी म्हणजे बंदूक हेच समीकरण होतं. पुढे त्यानेच पर्यटकांना पायी फिरवायला सुरुवात केली. राष्ट्रीय उद्यान व्हायला १९७२ उजाडलं.

तारखांवरून मात्र घरात महाभारत झालं. पक्षीवाल्यांना सप्टेंबर पाहिजे होता, कारण तेव्हा नदीच्या उभ्या मातीच्या कडांमध्ये कार्माइन बी-ईटर, म्हणजे किरमिजी रंगाचे वेडे राघू, शेकड्यांनी बिळं करून घरटी घालतात. द्राक्षवाल्यांचं म्हणणं, सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे छाटणी, त्या वेळी बाग सोडून आफ्रिकेत गेलो तर परत आल्यावर बागेत जायची हिंमत होणार नाही. दिरांचा श्रावण. ऑक्टोबर तर प्लॅनरनेच उडवला, तिकडे तेव्हा चाळिशीचा उन्हाळा असतो, नदी पार आटलेली, प्राणी दिसायला सगळ्यात सोपे पण माणसं भाजून निघतात. त्याने वहीत महिने मांडून सगळ्यांना समजावलं. मे-जूनपासून पाऊस संपलेला, गवत हळूहळू वाळतं, नदीने सोडून दिलेल्या जुन्या पात्रातली तळी आटत जातात आणि मग सगळे जीव मुख्य नदीच्या काठाला येतात, म्हणून जितकं उशिरा तितकं दिसणार जास्त, पण गरमी पण तितकीच. नोव्हेंबरनंतर पाऊस, तिथली काळी माती फुगते, रस्ते बंद. हे ऐकून द्राक्षवाले खुश, म्हणे आपल्यासारखीच जमीन दिसतीये. ऑगस्टचा शेवट ठरला. राघू नुकतेच यायला लागलेले असतील, भरपूर नसतील, असं त्याने स्पष्ट सांगितलं, आणि झालंही तसंच, थोडे दिसले. मैत्रिणी अजून मला टोमणे मारतात.

आता ज्याच्यासाठी मी चार स्टार देतेय ते. आम्ही जी यादी घेऊन गेलो होतो त्यात लुआंग्वा, काफुए, लोअर झांबेझी ही झांबियातली तिन्ही जंगलं, व्हिक्टोरिया फॉल्स आणि परत येताना झांझिबार असं सगळं होतं. आपल्या लोकांना एवढ्या लांब गेलोच आहे तर अजून एक बघून घेऊ असं वाटतंच. त्याने काफुए आणि लोअर झांबेझी सरळ खोडलं. म्हणाला, प्रत्येक जागा बदलली की एक अख्खा दिवस विमानतळावर जातो आणि कॅम्पचा त्या दिवसाचा पैसा बसतोच, त्यापेक्षा एकाच खोऱ्यात दोन वेगळे कॅम्प करा, एक पार्कच्या म्फुवे गेटजवळ नदीवर आणि दुसरा आत लांब, जिथून बहुतेक पायीच फिरायचं. झांझिबारवर तर तो हसला. लक्षात घ्या, जागा कमी केल्या की त्याचंही कमिशन कमी होणार होतं, तरी केल्या. नंतर दुसऱ्या एका ठिकाणाहून आम्ही कोटेशन मागवलं होतं, नाव लिहीत नाही, त्यांनी आमची यादी जशीच्या तशी घेतली, झांझिबारसकट, वर मसाला म्हणून केप टाऊनपण टाकलं.

विमानाचंही तसंच. मुंबईहून स्वस्त तिकीट इथिओपियाच्या आदिस अबाबावरून पडतं. पण इथिओपिया, केनिया हे देश आपल्या सरकारच्या यलो फीवरच्या (पीतज्वराच्या) यादीत आहेत, तिथून येताना पिवळं कार्ड, म्हणजे त्याच्या लसीचा दाखला, नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस सरकारने ठरवलेल्या केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. प्रॉब्लेम दिरांचा होता, साठी ओलांडलेली, त्या वयात पहिल्यांदा ही लस डॉक्टर विचार करूनच देतात. हे त्याने आपणहून विचारलं, सगळ्यांची वयं वहीत लिहून घेतलेली होती. मग दुबईवरून लुसाका असा मार्ग काढला, एमिरेट्सचं विमान जातं, तिकीट महाग पडलं पण डोक्याचा ताप गेला. लुसाकाहून म्फुवेला छोटं विमान.

निघायच्या आधी त्याने सगळ्यांना घरी बोलवून, म्हणजे आमच्या घरी स्वतः येऊन, बॅगा कशा भरायच्या ते सांगितलं. हे मला फार आवडलं. कडक सुटकेस नको, मऊ बॅग. निळे आणि काळे कपडे नकोत, कारण तिथली त्सेत्से माशी या दोन रंगांवर येऊन बसते आणि चावली तर जीन्समधून पण चावते. आणि लष्करी छापाचे कपडे तर अजिबात नाही, झांबियात सामान्य माणसाने कॅमोफ्लाज घालायला मनाई आहे, पोलीस अडवतात. हे ऐकून नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला कारण त्याचं सगळं ताडोबा कलेक्शन त्याच छापाचं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून, त्यातली डॉक्सीसायक्लिन असेल तर उन्हाचा त्रास वाढतो हे आधीच सांगितलं. टिपसाठी डॉलरच्या छोट्या आणि नव्या कोऱ्या नोटा, जुन्या किंवा फाटक्या घेत नाहीत. आणि गरम कपडे! आफ्रिकेत स्वेटर कशाला म्हणून जाऊबाई हसल्या होत्या, पण ऑगस्टमध्ये तिथे हिवाळ्याचं शेपूट असतं आणि पहाटे उघड्या गाडीत वारा लागतो तेव्हा निफाडची थंडी आठवते.

पैशाचं बोलूया. अशा बुश कॅम्पचा सीझनमधला दर माणशी एका रात्रीला सहाशे-सातशे डॉलरच्या खाली क्वचित मिळतो, हजाराच्या वरचे तर कितीतरी आहेत. ऐकून चक्कर येते. पण त्यात राहणं, तिन्ही वेळचं खाणं, रोजच्या दोन सफारी, गाईड, बहुतेक ठिकाणी पार्कची फी सगळं येतं. गेटच्या बाहेर, नदीच्या काठावर स्वस्त कॅम्प आणि तंबू टाकायच्या जागाही आहेत, तिथे राहून सफारी वेगळी घेतली तर खर्च पुष्कळ कमी होतो, त्यालाही तो नाही म्हणत नाही, आमच्या पहिल्या कॅम्पला त्याने असंच मधलं गणित केलं. तक्रार इथे आहे. पहिल्या कोटेशनमध्ये जीएसटी आणि परदेशी पॅकेजवरचा टीसीएस (बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर) धरलेला नव्हता, खाली बारीक अक्षरात "कर वेगळे" एवढंच. टीसीएस आपल्याला रिटर्न भरताना वळता करून घेता येतो हे बरोबर, पण ऐन वेळी खिशातून जातोच ना. द्राक्षवाल्यांनी त्याला सरळ विचारलं, भाऊ, आम्ही व्यापाऱ्याला माल देताना आडत-हमाली नंतर सांगितलेली चालते का? त्याने ऐकून घेतलं, पुढच्या कागदावर सगळं मांडलं, पण हे पहिल्याच कागदावर हवं होतं. प्लॅनिंगची फी वेगळी घेतो आणि बुकिंग केलं की बिलातून वजा करतो, ते ठीक. कॅम्पचा ॲडव्हान्स मात्र परत मिळत नाही, त्यामुळे विमा घ्याच, आणि त्यात जंगलातून हेलिकॉप्टर किंवा विमानाने हलवायचा खर्च धरलाय का ते बघा. जवळ मोठं हॉस्पिटल नाही.

आता जागेबद्दल, कारण शेवटी प्लॅनर चांगला की वाईट ते तिथे गेल्यावरच कळतं.

पायी सफारीत सगळ्यात पुढे पार्क खात्याचा बंदूकवाला स्काऊट, मग गाईड, मग आपण एका मागे एक, आणि शेवटी चहाचं सामान घेतलेला माणूस. हो, चहा! मध्ये कुठेतरी मोठ्या झाडाखाली थांबून चहा-बिस्किटं. बोलायचं नाही, रांग मोडायची नाही, काही झालं तरी पळायचं नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. ताडोब्यात जिप्सीतून पाय खाली टेकवला तर गाईड बोंबलतो, आणि इथे आपण हत्तीच्या वाटेने चालतोय, हे डोक्याला पटायलाच वेळ लागतो. गाईडच्या हातात राखेची पुरचुंडी होती, मधूनमधून झटकून वारा कुठून येतोय ते बघायचा. एका ठिकाणी म्हशींचा कळप लांब दिसला, वारा आमच्याकडून त्यांच्याकडे होता, तर त्याने आम्हाला एवढा मोठा वळसा घालायला लावला की दिरांचे गुडघे बोलायला लागले. चालणं तसं सपाटीचं आहे, पण पावसाळ्यात काळ्या मातीत उमटलेले हत्ती-पाणघोड्यांचे पाय वाळून दगड झालेले असतात, त्या खड्ड्यांतून घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घ्या. हे प्लॅनरने सांगितलं नव्हतं, सांगायला पाहिजे होतं.

पायी गेल्यावर मोठे प्राणी जवळून दिसतात असं कोणी समजू नका, उलट लांबूनच दिसतात आणि निघून जातात. दिसतं ते बाकीचं सगळं. शेणावरून कोण, कधी गेलं, मुंगळ्यांची वारुळं, तरसाची पांढरी पडलेली विष्ठा (हाडं खातो म्हणून), झाडाला म्हशीने अंग घासलेल्या खुणा. एका वेलीकडे बोट दाखवून गाईड म्हणाला हिला हात लावू नका, आणि वहिनी लगेच म्हणाल्या, अगंबाई ही तर खाजकुयली! आणि खरंच तीच. चिंचेची झाडं तर जागोजागी, माकडं शेंगा खातायत, आणि आपण चिंच आपली समजतो पण ती मूळची आफ्रिकेचीच. सॉसेज ट्रीला दुधीसारखी लांबलचक फळं लटकलेली असतात, खाली तंबू लावत नाहीत कारण एक फळ काही किलोंचं असतं. द्राक्षवाल्यांनी पूर्ण रस्ताभर झाडं आणि मातीच बघितली, सिंहापेक्षा जास्त प्रश्न त्यांनी जमिनीवर विचारले.

जिराफ सगळीकडे दिसतात, पण इथला थॉर्निक्रॉफ्ट जिराफ लुआंग्वा खोऱ्याच्या बाहेर जंगलात कुठेच नाही. पुकू नावाचं सोनेरी हरीण भरपूर. पाणघोडे तर विचारूच नका, ऑगस्टमध्ये पाणी कमी होत जातं तसे एकेका डोहात गर्दी करतात आणि रात्रभर हसल्यासारखे ओरडतात. गेंडा नाही, शिकाऱ्यांनी संपवला, वरच्या नॉर्थ लुआंग्वात २००३ पासून परत आणलेत. चित्ताही नाही. ज्यांना बिग फाइव्हची (सिंह, बिबट्या, हत्ती, म्हैस, गेंडा) यादी पुरी करायचीये त्यांनी इथे येऊ नये, आणि हे प्लॅनरने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

बिबट्यासाठी मात्र ही जागा प्रसिद्ध आहे आणि ते उगाच नाही. इथे रात्रीची सफारी चालते, संध्याकाळी निघायचं, नदीकाठी थांबून सूर्यास्त बघायचा, मग एक जण पुढे बसून स्पॉटलाइट फिरवतो. आता नाशिककरांना बिबट्याचं काय कौतुक, आमच्याकडे तो गंगापूर रोडच्या सोसायटीत येतो आणि निफाडला उसातून निघतो. मित्रांनी तर आधीच सांगून टाकलं होतं की बिबट्या बघायला मी पैसे देणार नाही. पण आपल्याकडे बिबट्या दिसला म्हणजे पळापळ, पिंजरा, वनखात्याची गाडी आणि मोबाईल घेऊन हजारभर लोक, तो बिचारा भिंतीला चिकटलेला. इथे तो वाळूच्या पात्रातून गाडीच्या बाजूने चालत गेला, एकदाही वळून बघितलं नाही. मित्र परत येईपर्यंत काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला म्हणाले, आमच्या उसातल्याला इथे पाठवायला पाहिजे. रात्रीच्या सफारीत जेनेट, सिव्हेट, साळिंदर, बुशबेबी असलं छोटंमोठं पण दिसतं. एकाच बिबट्यावर दोन-तीन गाड्या झाल्या तर गाईडच नाराज होतो. मुख्य गेटच्या जवळपास, सीझनमध्ये, कधीकधी त्याहून जास्त होतात, ते सांगायला हवं. आतल्या कॅम्पला गेल्यावर दुसऱ्या कोणाची गाडीच दिसली नाही.

कॅम्पला कुंपण नाही. अंधार पडला की तंबूपर्यंत सोडायला माणूस येतो, एकट्याने जायचं नाही. म्फुवे लॉज म्हणून एक प्रसिद्ध जागा आहे, तिथे नोव्हेंबरच्या आसपास हत्ती रिसेप्शनमधून चालत जातात कारण पलीकडे रानआंब्याचं झाड आहे. आमच्याकडे तसं काही नव्हतं, पण एका दुपारी जाऊबाईंना तंबूच्या जाळीतून हत्ती एवढा जवळ दिसला की त्यांनी हळूच रामरक्षा म्हटली, आणि तो ती ऐकत असल्यासारखा बराच वेळ तिथेच शेंगा खात उभा राहिला.

आता जेवण. आमच्यात दिरांचा श्रावण, कांदा-लसूणपण नाही, आणि अंडं तर आम्हा कोणालाच नको होतं. हे सगळं मी स्वतः व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं आणि अंगठा पण आला होता. पहिल्या कॅम्पला नीट पोचलं होतं. आतल्या कॅम्पला गेलो तर त्यांच्या कागदावर फक्त "शाकाहारी" एवढाच शब्द, आणि त्यांच्या हिशोबात त्यात अंडं, चीज, कांदा सगळं बसतं. पहिल्या रात्री दिरांनी भात आणि दही खाल्लं. चूक कॅम्पची नाही, निरोपाची आहे. एवढ्या आतल्या जागी सामान ठरावीक दिवशीच येतं, त्यामुळे ऐन वेळी सांगून फरक पडत नाही. वाचवलं ते स्वयंपाक्याने. त्याने विचारलं, आम्ही घरी खातो ते खाल का, आणि न्शिमा केला, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि बरोबर भोपळ्याची पानं शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली. अहो, काय चव! दिरांनी दोनदा मागून घेतलं, वहिनींनी कृती लिहून आणली. पुढचे सगळे दिवस तेच खाल्लं आणि आम्ही कोणी वैतागलो नाही. तरी प्लॅनरचा स्टार कापलाय तो कापलाच. तुम्ही गेलात तर "शाकाहारी" लिहू नका, काय काय नको ते एकेक लिहून द्या आणि कॅम्पचं उत्तर स्वतः डोळ्यांनी बघा. आणि दशम्या, मेतकूट, चिवडा घेऊन जा, ते सांगायची गरज नाही म्हणा.

एक दुपार गावात गेलो होतो, हे त्यानेच प्लॅनमध्ये टाकलं होतं आणि आम्हाला वाटलं होतं की असेल काहीतरी नाचगाण्याचं. तसं नव्हतं. पार्कच्या बाहेर लोक राहतात, मका लावतात, आणि हत्ती नदी ओलांडून रात्री मका खातात. तिथल्या लोकांना धान्याची पक्की कोठारं बांधायला मदत करतात आणि हत्ती हाकलायला मिरचीचा मारा करतात, म्हणजे लांबून मिरचीच्या तेलाच्या गोळ्या मारतात, हत्तीला त्या वासाने नको होतं. आमचे मित्र आणि तिथला एक शेतकरी, एकाला मराठी-हिंदी, दुसऱ्याला न्यांजा, मध्ये गाईड इंग्लिशमध्ये, आणि दोघं तासभर रानडुक्कर, हत्ती, नुकसानभरपाई आणि मक्याचा भाव यावर बोलत बसले. मला वाटतं मित्रांची सगळी ट्रिप त्या तासात वसूल झाली.

शेवटी व्हिक्टोरिया फॉल्स जोडला होता. भारी आहे, ऑगस्टला झांबियाच्या बाजूला पाणी व्यवस्थित असतं, पुढे ऑक्टोबरकडे त्या बाजूचा कडा बराच कोरडा पडतो. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी नाही लिहीत.

कोणी जावं? ज्यांना एकाच ठिकाणी राहून तेच जंगल परत परत बघायचा कंटाळा नाही. लहान मुलं असतील तर नको. सगळं कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे मिनिटामिनिटाला पाहिजे, बरोबर महाराज आणि गरम फुलका पाहिजे, तर मोठ्या टूर कंपन्या आहेत की, त्यांचं ते काम त्या चांगलंच करतात. आणि एक, पुढच्या सिंहस्थात नाशिकच्या गर्दीतून पळून जायचा विचार करून जे माझ्याकडे नंबर मागतायत त्यांनी लवकर ठरवा. छोट्या कॅम्पांत जागाच मोजक्या असतात, जुलै ते ऑक्टोबरचं बुकिंग वर्षभर आधी होतं, आम्हाला हवा होता तो कॅम्प मिळालाच नाही, दुसरा घ्यावा लागला.

फोन दुपारी उचलत नाही, मेसेजला उत्तर रात्री अकरानंतर येतं पण येतं. ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. संध्याकाळी कॉलेज रोडला गाडी लावायला जागा मिळणार नाही, सकाळी अकराच्या आत जा, आणि जाताना सगळ्यांची वयं, औषधं आणि कोणाला कुठली तारीख चालत नाही ते लिहून न्या, कारण तो पहिलं तेच विचारतो.